सीमेपलीकडचं सासर-माहेर

बडोद्याच्या छाणीहून मुंबई चारशे किलोमीटरांच्या पुढे पडते. इंदूर साडेतीनशेच्या आसपास आहे, धार त्याच्या साठेक किलोमीटर अलीकडे आणि देवास इंदूरच्या पुढे तासाभराच्या वाटेवर. म्हणजे बडोद्यासारखीच मराठी राज्यकर्त्यांच्या हाताखाली वाढलेली जी शहरं आहेत, ती आम्हाला कोल्हापूर-साताऱ्यापेक्षा माळव्यात कितीतरी जवळ आहेत. तरीही सुट्टी लागली की आम्ही बडोदेकर दक्षिणेची गाडी धरतो. पूर्वेला गोध्रा-दाहोदच्या रस्त्याला लागायचं ते उज्जैनला महाकालाच्या किंवा ओंकारेश्वराच्या दर्शनाला जायचं असेल तरच. त्या वाटेवर धार आणि देवास ही दोन नावं पाटीवर वाचून मागे टाकायची असतात.

यंदा आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. मुलांचा आग्रह होता की आई-बाबांनी विमानात बसावं, समुद्रापलीकडे जावं. ह्यांच्या मनात वेगळंच होतं. सासूबाई देवासच्या. लग्न होऊन रावपुऱ्यातल्या वाड्यात आल्या आणि जन्मभर बडोदेकर होऊन राहिल्या, पण नवरात्र आलं की त्यांच्या बोलण्यात देवासची टेकडी यायची, हिवाळ्यात तिकडचे गराडू आठवायचे. त्या गेल्या आणि तिकडचं येणं-जाणंही थांबलं. हे म्हणाले, ‘‘आईचं गाव मी लहानपणी पाहिलंय. तू पाहिलंच नाहीस. तिकडेच जाऊ या.’’ मी म्हटलं, ‘‘अहो, मग नुसतं देवास कशाला? धार, इंदूर, देवास, सगळंच बघू.’’ दिवाळी अंकासाठी लिहायचं, हे निघताना मनात होतंच. म्हणून वाटेत दिसलेलं टिपत गेले आणि परत आल्यावर जुनी पुस्तकं काढून ताडून पाहिलं. हा लेख त्यातून झाला.

छाणी

आम्ही राहतो ती छाणी आता बडोदा महापालिकेच्या हद्दीत आहे. मूळचं हे स्वतंत्र गाव. मधे तळं, जुनी देरासरं. जैन समाजात छाणीची ख्याती आहे ती इथल्या घरांतून दीक्षा घेऊन निघालेल्या साधुसाध्वींमुळे. गावाच्या एका अंगाला खत कारखान्याची फर्टिलायझरनगरची वसाहत आहे. जकात नाका हे नाव अजून रिक्षावाल्यांच्या तोंडी आहे, गुजरातेतली जकात मात्र २००७मध्येच गेली. शहरातल्या दांडिया बाजार, रावपुरा भागातले वाडे पडू लागले तशी मराठी कुटुंबं समा, कारेलीबाग, छाणी अशी उत्तरेकडे सरकत गेली. आम्ही त्यांतलेच.

छाणीला आणखी एक महत्त्व अलीकडे आलं आहे. इथलं छायापुरी स्थानक बडोद्याचं उपस्थानक म्हणून वाढवलं गेलं. अहमदाबादहून गोध्रा-रतलामकडे जाणाऱ्या गाडीला बडोद्याच्या मुख्य स्थानकात शिरून इंजिन फिरवावं लागायचं. आता अशा अनेक गाड्या छायापुरीलाच थांबतात आणि थेट पूर्वेला वळतात. माळव्याची वाट अशी अक्षरशः आमच्या घराजवळून सुरू होते.

आम्ही मात्र मोटारीनं निघालो, कारण आम्हाला धार पाहायचं होतं आणि धारला रेल्वे नाही. दाहोद ते इंदूर, झाबुआ-धारमार्गे दोनशेहून अधिक किलोमीटरचा लोहमार्ग घालायचं ठरलं, २००८मध्ये पायाभरणी झाली, आणि आम्ही गेलो तेव्हा रस्त्यालगत त्याचे भराव आणि पुलांचे खांब दिसत होते. आज रेल्वेनं इंदूरला जायचं तर रतलामवरून वळसा पडतो.

पंचमहालातून

हालोलच्या अलीकडे पावागड दिसू लागतो. त्याच्या पायथ्याचं चांपानेर ही गुजरातच्या सुलतानांची एकेकाळची राजधानी. २००४पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहे. महमूद बेगड्यानं १४८४मध्ये चांपानेर घेतलं, तेव्हा तिथल्या रावळानं मदतीसाठी हाक मारली होती ती माळव्याच्या सुलतानाला. त्याला अडवायला बेगडा दाहोदपर्यंत गेला आणि माळव्याचा सुलतान मागे फिरला. गुजरात आणि माळवा यांच्यामधली वेस दाहोदच्या आसपास असायची, ही गोष्ट इतकी जुनी आहे.

मराठ्यांच्या काळात ही वेस पुसट झाली. १७२८च्या नोव्हेंबरात चिमाजीअप्पांच्या फौजेनं अमझेऱ्याला माळव्याचा मोगल सुभेदार गिरिधर बहादुर याला गाठलं. तो लढाईत पडला आणि माळवा मराठ्यांना मोकळा झाला. उदाजी पवार, मल्हारराव होळकर हे त्या मोहिमेतले सरदार. पुढे सहाच वर्षांत, १७३४मध्ये, बडोदं गायकवाडांच्या हाती कायमचं आलं. गोध्रा-दाहोदचा पंचमहाल ग्वाल्हेरच्या शिंद्यांकडे होता, तो १८६१मध्ये इंग्रजांकडे गेला. म्हणजे बडोद्याहून निघालेला वाटसरू गायकवाडांच्या मुलखातून शिंद्यांच्या, तिथून पवारांच्या आणि पुढे होळकरांच्या मुलखात जायचा. राज्यं चार होती, तरी चारही दरबारांत मोडी वाचणारा कारकून होता आणि चारही राजवाड्यांच्या मुदपाकखान्यांत पुरणाची पोळी होत होती.

ही सलगता आमच्या आजी-आजोबांच्या डोळ्यांदेखत तुटली. इंदूर, धार, देवास, ग्वाल्हेर ही संस्थानं १९४८मध्ये मध्य भारतात गेली. बडोदं १ मे १९४९ला मुंबई राज्यात विलीन झालं. १९५६मध्ये मध्य प्रदेश झाला आणि १ मे १९६०ला गुजरात व महाराष्ट्र वेगळे झाले. राज्यं भाषेप्रमाणे आखली गेली, ते योग्यच झालं. मात्र बडोद्याचा मराठी माणूस गुजराती राज्यात आणि देवासचा हिंदी राज्यात राहिला, आणि त्या दोघांमधलं नातं कुठल्याच राज्याच्या हिशेबात उरलं नाही.

दाहोदला आम्ही चहा घेतला. औरंगजेबाचा जन्म १६१८मध्ये इथला. ठक्करबाप्पांनी भील सेवा मंडळाचं काम इथूनच उभं केलं. इंग्रजांच्या काळापासून इथे रेल्वेचा कारखाना आहे आणि आता ९००० अश्वशक्तीची विजेची इंजिनं इथे तयार होऊ लागली आहेत. गावाबाहेर पडलं की टेकड्या सुरू होतात, मक्याची शेतं आणि एकेकट्या टेकाडावर कौलारू घरं. पिटोलजवळ राज्याची हद्द लागते. पूर्वी इथे ट्रकांच्या रांगा असत. गुजरातनं आपले आरटीओ नाके २०१९मध्ये बंद केले, मध्य प्रदेशानं २०२४मध्ये. आता एक कमान, दोन पाट्या आणि रस्त्याच्या रंगात थोडा फरक, एवढीच सीमा उरली आहे.

ज्यांच्या भूमीतून ही सीमा जाते त्या भिल्लांच्या लेखी ती फारशी नाहीच. अलीकडे दाहोद, पलीकडे झाबुआ. भिली बोली तीच, होळीआधीचे भगोरियाचे बाजार, देव आणि गोत्रंही तीच. मुलगी अलीकडची, जावई पलीकडचा, हे इथे रोजचं आहे.

या रस्त्यावर आम्हाला समोरून येणारी जोडपी दिसत राहिली. डोक्यावर बोचकं, कडेवर मूल, नवऱ्याच्या खांद्यावर फावडं. जीपमध्ये, बसच्या दारात, टपावर. झाबुआ-अलिराजपूरकडून ही माणसं पावसाळ्यानंतर गुजरातेत कामाला येतात. बडोद्याच्या नव्या इमारती, आमच्या छाणीच्या सोसायट्यासुद्धा, त्यांच्याच हातांनी चढल्या आहेत. याच मार्गानं गोध्रा परिसरात दगड दळण्याच्या कारखान्यांत गेलेल्या शेकडो मजुरांची फुप्फुसं गारगोटीच्या भुकटीनं निकामी झाली. सिलिकोसिस या आजारावर उपाय नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१६मध्ये अशा २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याचा आदेश गुजरात सरकारला दिला. मृतांत नवरा-बायको दोघंही गेलेली कुटुंबं होती. तीच सीमा ओलांडून आम्ही लग्नाचा वाढदिवस साजरा करायला निघालो होतो. हे माझ्या मनातून पुढचा सगळा प्रवास गेलं नाही आणि जाऊही नये. या वाटेचं वर्णन त्या माणसांना वगळून करता येत नाही.

धार

माछलियाचा घाट ओलांडून सरदारपूर मागे टाकलं की माळव्याचं पठार सुरू होतं. माती काळी होते, गहू आणि सोयाबीनची शेतं लांबवर पसरतात. धार या पठाराच्या कडेला आहे. परमारांच्या भोज राजाची ही नगरी, पुढे पवारांची राजधानी.

धारच्या लाल दगडी किल्ल्यात आम्ही सकाळी गेलो. तटावर उभं राहून हे म्हणाले, ‘‘इथे दुसरा बाजीराव जन्मला, माहीत आहे का तुला?’’ ती कथा एका दांपत्याचीच आहे. नारायणरावाच्या खुनानंतर बारभाईंनी राघोबादादांचा पाठलाग सुरू केला. आनंदीबाईंना दिवस गेले होते. त्यांना पवारांच्या आश्रयाला धारच्या किल्ल्यात ठेवून राघोबादादा मदतीच्या आशेनं गुजरातेत गोविंदराव गायकवाडांकडे गेले. १७७५च्या जानेवारीत आनंदीबाई इथे बाळंत झाल्या आणि मार्चमध्ये दादांनी इंग्रजांशी सुरतेचा तह केला. आम्ही जो रस्ता काही तासांत कापून आलो, त्याच्या एका टोकाला बाळंतीण आणि दुसऱ्या टोकाला तिचा नवरा. त्या ताटातुटीत जन्मलेल्या मुलाच्या हातून चाळीसेक वर्षांनी पेशवाई गेली. आनंदीबाईंना आपण एका अक्षराच्या फेरफारासाठी लक्षात ठेवलं आहे. परक्या किल्ल्यात, शत्रूची फौज मागावर असताना बाळंतपण काढणारी बाई म्हणून त्यांचा विचार मी तरी त्या तटावर पहिल्यांदा केला.

धारमधलं दुसरं ठिकाण म्हणजे फडके स्टुडिओ. रघुनाथ कृष्ण फडके हे मोठे शिल्पकार. गिरगाव चौपाटीवरचा लोकमान्य टिळकांचा पुतळा त्यांचा. मुंबईत नाव झालेला हा माणूस धारला आला आणि इथलाच झाला. त्यांना १९६१मध्ये पद्मश्री मिळाली. मुंबईत टिळकांच्या पुतळ्यापाशी उभं राहणाऱ्या किती जणांना त्या हातांचं गाव धार होतं हे ठाऊक असेल? संस्थानांनी कलावंतांना बोलावून घेतलं, त्यांना पोटापाण्याची स्वस्थता दिली आणि मराठी कलेचे मोठे तुकडे महाराष्ट्राबाहेर घडले. बडोदं हे याचं सर्वांत मोठं उदाहरण आपण मानतो. धारसारखं छोटं संस्थानही त्यात मागे नव्हतं.

दुपारी मांडू पाहिलं. धारहून तासाभराचा रस्ता. जहाज महाल, होशंगशाहाची संगमरवरी कबर, गोरखचिंचेची फुगीर बुंध्याची झाडं आणि कड्यावरचा रूपमतीचा मंडप. तिथून नर्मदा दिसते, असं सांगतात. त्या दिवशी धुकट होतं. बाजबहादुर आणि रूपमती यांची गोष्ट सांगायला वाटाडे उत्सुक असतात. अकबराच्या फौजेनं १५६१मध्ये तिचा शेवट केला. मांडूवर पुष्कळ लिहून झालं आहे, म्हणून मी पुढे जाते.

इंदूर

इंदूरला शिरताना आधी रहदारी भेटते, मग स्वच्छता. २०१७पासून देशातल्या स्वच्छ शहरांत हे शहर अग्रस्थानी आहे आणि ते डोळ्यांना पटतं. राजवाड्याचा सात मजली दरवाजा, खान नदीकाठच्या होळकरांच्या छत्र्या, रात्री सराफा. दागिन्यांची दुकानं बंद झाली की त्याच ओट्यांवर भुट्ट्याचा कीस, गराडू, हातभर जिलबी यांची दुकानं लागतात. सकाळी पोहे. वाफेवर ठेवलेले, वर रतलामी शेव आणि जिरावन भुरभुरलेले. बडोद्याची सेव-उसळ खाऊन वाढलेल्या माणसाला हे चटकन ओळखीचं वाटतं. दोन्हीकडे मराठी घरातला रोजचा पदार्थ बाहेर पडला, शेजाऱ्यांची शेव त्यावर पडली आणि तो साऱ्या शहराचा झाला. बडोद्यात उसळ मराठी माणसाची आहे असं कुणी म्हणत नाही, इंदुरात पोह्यांचंही तसंच. एखाद्या समाजानं नव्या गावाला द्यावं ते असं.

इंदुरात मला पाहायचा होता तो होळकरांचा माणिकबाग राजवाडा. त्यामागे एका जोडप्याची कथा आहे. राजर्षी शाहू महाराजांनी मराठा आणि धनगर घराण्यांत विवाह व्हावेत असा आग्रह धरला होता. जाती मोडायच्या तर आधी आपल्या घरापासून, हा त्यांचा विचार. ते १९२२मध्ये गेले. त्यांचं जन्मघराणं कागलकर घाटग्यांचं. त्याच कागलच्या घाटग्यांची मुलगी १९२४मध्ये होळकरांच्या धनगर घराण्याची सून झाली. यशवंतराव होळकर आणि संयोगिताराजे. दोघंही तेव्हा मुलं होती. तरुणपणी युरोपात त्यांनी नव्या कलेची संगत धरली. मॅन रे या छायाचित्रकारानं काढलेली त्यांची छायाचित्रं आज जगभरच्या संग्रहालयांत मांडली जातात. जर्मन वास्तुरचनाकार एकार्ट मुथेसियस यानं त्यांच्यासाठी १९३०च्या दशकाच्या आरंभी माणिकबाग बांधला. नक्षी नाही, कमानी नाहीत, सरळ रेषा आणि काच. आत त्या काळच्या युरोपातल्या श्रेष्ठ कारागिरांनी केलेलं फर्निचर. शिल्पकार ब्रांकुसीकडून इथे ध्यानमंदिर बांधून घ्यायचं दोघांच्या मनात होतं. १९३७मध्ये संयोगिताराजे स्वित्झर्लंडमध्ये वारल्या, अगदी तरुण वयात. ध्यानमंदिर झालंच नाही. माणिकबागचं सामान १९८०मध्ये मोनाकोत लिलावात गेलं. वास्तूत आता केंद्र सरकारचं कर कार्यालय आहे. बाहेरून पाहून आम्ही निघालो. इंदूर शहर आपल्या या वास्तूचा, आणि कागलहून आलेल्या त्या मुलीचा, अजून मोठा मान राखू शकेल असं मला कळकळीनं वाटतं.

बडोदं आणि इंदूर यांच्यातली देवघेव दरबारांपुरती नव्हती. नारायण श्रीधर बेंद्रे १९१०मध्ये इंदूरला जन्मले. देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली तिथल्या कलाशाळेत शिकले. मकबूल फिदा हुसेनही त्याच शाळेचे. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललित कला विद्याशाखा १९५०मध्ये सुरू झाली तेव्हा चित्रकला विभाग उभा करायला बेंद्रे बडोद्याला आले आणि दीड दशकाहून अधिक काळ राहिले. ज्याला आज बडोद्याची चित्रशैली म्हणून जग ओळखतं, तिचा पहिला शिक्षक इंदूरचा मराठी माणूस होता.

आणि क्रिकेट! ह्यांचा चेहरा या विषयावर उजळतो. रणजी स्पर्धेत १९४५-४६च्या अंतिम सामन्यात सी. के. नायडूंच्या होळकर संघानं बडोद्याला हरवलं. पुढच्याच हंगामात बडोद्यात परतफेड झाली. विजय हजारे २८८, गुल महंमद ३१९, आणि दोघांची चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागीदारी. प्रथम श्रेणी क्रिकेटमधल्या कुठल्याही गड्यासाठीचा तो विक्रम २००६मध्ये संगकारा आणि जयवर्धने यांनी मोडेपर्यंत जवळजवळ साठ वर्षं टिकला. १९४९-५०मध्ये पुन्हा हेच दोन संघ अंतिम फेरीत आले आणि पुन्हा बडोदं जिंकलं. देशाचं अजिंक्यपद गायकवाडांच्या आणि होळकरांच्या गावांत असं फिरत होतं. होळकर हा संघ आता नाही. स्टेडियमला नाव आहे.

देवास

देवासला आम्ही वाढदिवसाच्या दिवशी पोचलो. टेकडीवर आधी गेलो. वर दोन देवी: तुळजाभवानी आणि चामुंडा, गावकऱ्यांच्या भाषेत मोठी माता आणि छोटी माता. पायऱ्यांवर एक वयस्क बाई भेटल्या. आमचं बोलणं ऐकून थांबल्या. ‘‘मराठी आहात? कुठून आलात?’’ मी म्हटलं, ‘‘बडोद्याहून.’’ ‘‘बडोदा? अहो, आमची आत्या तिथेच दिली होती. खंडेराव मार्केटजवळ राहायची.’’ मग ह्यांनी आईचं माहेरचं आडनाव सांगितलं. बाईंनी क्षणभर विचार केला आणि तीन घरांची नावं घेतली. कुणाचे वाडे विकले गेले, कुणाची मुलं पुण्याला, कुणी अमेरिकेला. आईचं घर कुठल्या गल्लीत होतं ते त्यांनी वरूनच बोटानं दाखवलं. तिथे आता दुकानांची इमारत आहे. हे बराच वेळ त्या दिशेनं पाहत होते.

बडोद्याला दिलेली आत्या. या एका वाक्यात देवासचा इतिहास आहे. देवास दोन भावांचं. तुकोजी आणि जिवाजी पवारांनी गाव वाटून घेतलं, थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्यं एकाच गावात नांदली. या छोट्या गावातल्या घाटगे घराण्यातल्या गजराबाई १८८५मध्ये सयाजीरावांशी लग्न करून बडोद्याला आल्या आणि महाराणी चिमणाबाई झाल्या. सयाजीरावांच्या पहिल्या पत्नी, त्याही चिमणाबाई, तंजावरच्या. त्या त्याच वर्षी वारल्या होत्या. रावपुऱ्यातला घड्याळाचा मनोरा त्यांच्या नावाचा. देवासच्या चिमणाबाईंनी पडदा सोडला, स्त्रियांच्या स्थितीवर इंग्रजीत १९११मध्ये पुस्तक प्रसिद्ध केलं, बडोद्यात स्त्रियांसाठी उद्योगालय काढलं आणि १९२७मध्ये पुण्याला भरलेल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या त्या पहिल्या अध्यक्षा झाल्या.

देवासनं बडोद्याला मुलगी दिली. बडोद्यानं कोल्हापूरला दिली: खानविलकरांच्या लक्ष्मीबाई १८९१मध्ये शाहू महाराजांच्या राणी झाल्या. आणि शाहूंची मुलगी आक्कासाहेब १९०८मध्ये देवासच्या थोरल्या पातीच्या तुकोजीरावांना दिली गेली. गुजरात, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश अशी आज जी तीन राज्यं आहेत, त्यांतल्या तीन गावांमध्ये तेवीस वर्षांत हा त्रिकोण पुरा झाला. यातली सगळीच लग्नं सुखाची झाली नाहीत. आक्कासाहेब काही वर्षांनी देवास सोडून कोल्हापूरला परतल्या. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१मध्ये याच तुकोजीरावांचा खासगी चिटणीस होता. त्याच्या ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकाच्या नावातली टेकडी ही आम्ही चढलो तीच.

राजघराण्यांची लग्नं पुस्तकांत लिहिली गेली. त्यांच्या मागोमाग करवसुलीदार, मास्तर, वैद्य, पुजारी, शिलेदार यांच्या घरांतही तशीच लग्नं होत राहिली. पाहुणी आलेल्या मावशीनं भाचीसाठी स्थळ सुचवायचं, राणीच्या पाठराखणीला आलेल्या कुटुंबानं इथेच सोयरीक जमवायची. सासूबाईंचं स्थळही असंच कुणाच्या तरी मावशीनं सुचवलेलं होतं.

देवासचं शेवटचं घर, टेकडीच्या पायथ्याचं ‘भानुकुल’. कुमार गंधर्वांचं. १९४७मध्ये त्यांचं भानुमती कंस यांच्याशी लग्न झालं आणि लगेच क्षयाचं निदान झालं. १९४८च्या आरंभी कोरड्या हवेसाठी दोघं देवासला आली. गाणं बंद, बोलणंही बेतानं. भानुमतींनी शिक्षिकेची नोकरी धरली, घर चालवलं, शुश्रूषा केली. अंथरुणावरच्या त्या वर्षांत कुमारांच्या कानावर माळवी बायकांची गाणी पडत राहिली, रस्त्यानं जाणाऱ्या साधूंची निर्गुणी भजनं पडत राहिली. नवं औषध आलं, कुमार बरे झाले आणि १९५३मध्ये पुन्हा मैफिलीत बसले. एक फुप्फुस निकामी झालेला तो गायक जे गायला ते त्याआधी कुणी ऐकलं नव्हतं. भानुमती १९६१मध्ये बाळंतपणात गेल्या. पुढे वसुंधराताईंनी कुमारांची साथ केली, गाण्यात आणि संसारातही.

बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीला जन्मलेला, कानडी घरातला, मराठीत वाढलेला आणि माळव्यात पुन्हा उभा राहिलेला हा गायक. महाराष्ट्राबाहेरच्या मराठीपणाचं याहून मोठं उदाहरण मला सापडत नाही. ते उभं राहिलं एका पत्नीच्या नोकरीवर आणि जागरणांवर, हे मात्र आपण अर्ध्या वाक्यात उरकतो. लग्नाच्या वाढदिवशी मी तिथे उभी होते, म्हणून ते मला अधिक जाणवलं.

आता काय

परतीच्या वाटेवर आम्ही दोघं मोजत होतो, की आमच्या ओळखीच्या बडोदेकर घरांत गेल्या दहा-पंधरा वर्षांत माळव्यातल्या सुना किती आल्या. फार नावं निघाली नाहीत. मुलं आता पुण्यात, बंगळूरला, टोरांटोला भेटतात आणि आपापली लग्नं जमवतात. भाषा, प्रांत, जात ओलांडून जमवतात. शाहू महाराजांना जे हवं होतं, तेच हे आहे. त्याबद्दल मला खंत नाही.

पण त्या जुन्या सोयरिकींनी आणखी एक काम केलं होतं. सीमा आखल्या गेल्यावरही या गावांमधली वाट त्यांनी वाहती ठेवली. बारशाला, मुंजीला, तेराव्याला माणसं ये-जा करत, आणि त्या ये-जा करण्यातून एकमेकांच्या गावचं गाणं, नाटक, पुस्तकं, पदार्थ कळत. सोयरिकी थांबल्या तशी ती वाटही आटली. छाणीतल्या मराठी मुलाला आज धार म्हणजे फक्त महामार्गावरचं एक नाव आहे.

ती वाट पुन्हा सुरू करायला लागणारी साधनं दोन्हीकडे आहेत. बडोद्यात मराठी वाङ्मय परिषद आहे, इंदुरात महाराष्ट्र साहित्य सभा आहे. १९३४चं मराठी साहित्य संमेलन बडोद्याला भरलं आणि लगेच १९३५चं इंदूरला. पुढे इंदुरानं २००१मध्ये आणि बडोद्यानं २०१८मध्ये पुन्हा यजमानपण केलं. संमेलनं दशकांच्या अंतरानं येतात. दरवर्षी या दोन संस्थांनी एकमेकांकडे चार माणसं धाडली, एक व्याख्यान, एक मैफील, एक प्रदर्शन केलं, तर खर्च फार नाही. बेंद्र्यांची चित्रं इंदूरच्या मुलांनी बडोद्यात पाहावीत, चिमणाबाईंचं काम बडोद्याच्या मुलींनी देवासला जाऊन सांगावं. दाहोद-इंदूर रेल्वे पुरी झाली की छायापुरीला गाडीत बसून थेट धारला उतरता यावं, यासाठी दोन्ही राज्यांतल्या मराठी मंडळांनी आत्तापासून आवाज उठवावा. ती गाडी झाबुआच्या मजुरालाही घरी लवकर पोचवील, आणि तिचा पहिला हक्कदार तोच आहे.

आणि ज्यांच्या घरात एखादी आजी, आत्या, सासू धारची, देवासची, इंदूरची, ग्वाल्हेरची होती, त्यांनी आपल्या जोडीदाराला घेऊन एकदा तिकडे जावं. पूर्वी हे काम वधू-वरांच्या पत्रिका करत होत्या. आता ते आपल्याला ठरवून करावं लागेल. आमच्या पुढच्या वाढदिवसाला आम्ही ग्वाल्हेरला जाणार आहोत, आणि या वेळी मुलांना बरोबर नेणार आहोत.